‘ने’ आणि ‘ला’ : अद्भुतकथांच्या शृंगारिक पुनर्कथनाचे व्याकरण

परीकथा ही बालकांसाठीच निर्माण झाली, ही समजूत फार जुनी नव्हे. परंपरेने सातवाहनांच्या प्रतिष्ठान नगरीशी जोडलेली गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ मुलांसाठी रचली गेली असे कोणी म्हटलेले नाही. तिच्यावर आधारलेल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तही राक्षस, विद्याधर आणि उडते रथ यांच्याबरोबर प्रणय, व्यभिचार आणि विरह मुक्तपणे वावरतात. युरोपातही स्थिती वेगळी नव्हती. ग्रिम बंधूंच्या संग्रहाच्या १८१२ सालच्या पहिल्या आवृत्तीत मनोऱ्यात कोंडलेली रापुन्झेल आपले कपडे घट्ट का होऊ लागले, असे भाबडेपणाने विचारते. तिला दिवस गेले आहेत, हे प्रौढ श्रोत्यास तत्काळ कळते. पुढील आवृत्त्यांत हे वाक्य गाळले गेले. अद्भुतकथा बालवाङ्मयात आली ती अशा काटछाटीनंतर.

म्हणून प्रौढांसाठी केलेल्या शृंगारिक पुनर्कथनात शृंगार बाहेरून आणून घातला जातो, असे म्हणणे योग्य नाही. तो कथेत होताच. पुनर्कथनाचे नावीन्य शोधावयाचे तर निराळा प्रश्न विचारावा लागतो : कथेतील शृंगाराचा कर्ता कोण? मराठीत या प्रश्नाला व्याकरणाचा आधार मिळतो.

मराठीत इच्छा आणि कृती यांची वाक्यरचना सामान्यतः भिन्न असते. ‘तिला तो आवडला’, ‘तिला त्याचा मोह पडला’ या वाक्यांत इच्छा करणारी व्यक्ती चतुर्थीत येते. इच्छा तिच्या ठायी घडते. ती ती करीत नाही. याउलट सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कृती करणारी व्यक्ती तृतीयेत येते : ‘त्याने तिला जवळ घेतले.’ पारंपरिक कथनात नायिकेच्या वाट्याला बहुधा ‘ला’ येतो आणि नायकाच्या वाट्याला ‘ने’. ‘ती त्याच्या स्वाधीन झाली’ यासारख्या वाक्प्रचारांत तर तिच्याकडे क्रियेचे कर्तेपणही नाममात्रच उरते.

शब्दसंग्रहाची साक्षही अशीच आहे. ‘भोगणे’ या क्रियापदाची कर्मे पाहावीत : राज्य, ऐश्वर्य, सुख, शिक्षा, दुःख आणि स्त्री. एकच धातू उपभोगासाठी आणि यातनेसाठी वापरला जातो. स्त्रीविषयी तो आला म्हणजे ती राज्याच्या पंक्तीला जाऊन बसते. ‘एकमेकांना भोगणे’ अशी परस्परवाचक रचना भाषेत रुळलेली नाही. ‘रमणे’ या अकर्मक क्रियापदाचे तसे नाही. ‘ती त्याच्याशी रमली’ आणि ‘तो तिच्याशी रमला’ ही दोन्ही वाक्ये सारखीच सहज आहेत. शृंगारकथेच्या लेखकाने या दोहोंतून केलेली निवड केवळ शैलीची नसते.

निद्रिस्त राजकन्येच्या कथेवरून हे स्पष्ट होईल. बासीलेच्या १६३४–३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेपोलिटन संग्रहात राजा झोपलेल्या तालियाशी संग करतो. निद्रेतच तिला जुळी मुले होतात. ग्रिम बंधूंच्या कथेत त्या जागी चुंबन आले. १९८३ साली ॲन राइस यांनी ए. एन. रोकलॉर या टोपणनावाने याच कथेवर उघड कामप्रधान कादंबरी लिहिली आणि तेथे राजपुत्र पुन्हा संगानेच राजकन्येला जागे करतो. वर्णन धीट झाले, परंतु ‘त्याने तिला’ ही रचना बासीलेपासून हललेली नाही. अँजेला कार्टर यांच्या १९७९ सालच्या ‘द ब्लडी चेंबर’ या संग्रहातील वाघाच्या वधूची कथा मात्र वेगळी आहे. तिच्यात पशूचा मनुष्य होत नाही. वधूच आपल्या इच्छेने वाघीण होते. ही कथा ती स्वतः प्रथमपुरुषात सांगते. प्रमाण मराठीत ‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ लागत नाही, पण प्रथमपुरुषी कथनात सांगण्याचे कर्तेपण निवेदिकेकडेच असते.

सांगण्याचे हे कर्तेपण मराठीत आलेल्या दोन कथाचौकटींत तपासण्यासारखे आहे. संस्कृत ‘शुकसप्तती’चा जुना मराठी अनुवाद रिखार्ट श्मिट यांनी १८९७ मध्ये लाइपझिग येथून जर्मन भाषांतरासह प्रसिद्ध केला. ‘शुकबहात्तरी’ या नावाने मराठी वाचकांस परिचित असलेल्या या परंपरेत पती प्रवासास गेला असता प्रभावती प्रियकराकडे जावयास निघते आणि पोपट रोज गोष्ट सांगून तिला थोपवून धरतो. गोष्टींतील स्त्रिया कमालीच्या चतुर आहेत. ‘तिने युक्ती केली’ हे तेथील नित्याचे वाक्य. परंतु चौकटीचे वाक्य ‘पोपटाने प्रभावतीला सांगितले’ असेच राहते. शृंगारिक कथा येथे शृंगार रोखण्याचे साधन होते.

अरबी कथांची चौकट नेमकी उलट आहे : ‘शहरजादने राजाला सांगितले.’ या कथा एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीवरून मराठीत आणण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांच्या नावाशी ‘सुरस व चमत्कारिक’ ही विशेषणे जोडली गेली. त्यांतील ‘सुरस’ हा शब्द शृंगाराचे नाव न घेता त्याला जागा ठेवतो. १९७० च्या दशकात गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनच्या संपूर्ण इंग्रजी पाठावरून सोळा खंडांचा मराठी अनुवाद केला. बर्टनने १८८५ पासून आपला ग्रंथ खासगीरीत्या, वर्गणीदारांपुरता छापला होता. त्यातील कामविषयक मजकूर तो गाळत नाही. असा पाठ एका स्त्रीने मराठीत उतरविल्यामुळे चौकटीतील कर्तेपण आणि अनुवादकाचे कर्तेपण एकाच बाजूस आले, हे या घटनेचे महत्त्व होय.

लोकरंगभूमीनेही अद्भुतकथा प्रौढांसाठी राखली. हरिभाऊ वडगावकर यांनी लिहिलेला आणि दादू इंदुरीकर यांनी गाजविलेला ‘गाढवाचं लग्न’ हा वग शापित गंधर्वाच्या कथेवर उभा आहे : गाढवाच्या रूपातील गंधर्व राजकन्येशी विवाह करतो. पशुवराची ही कथा जगभर आढळते. येथे रूप बदलते ते वराचे; राजकन्येची इच्छा कथेच्या केंद्रस्थानी येत नाही. वगाचा खरा रस सावळ्या कुंभार आणि गंगी यांच्या सवाल-जबाबांत आहे. त्यात गंगी नवऱ्याला तोडीस तोड उत्तर देते. समतोल साधतो तो परीकथेत नव्हे, कुंभाराच्या घरात.

अर्थात विभक्तिप्रत्यय ही अंतिम कसोटी नव्हे. ‘तिने स्वतःला अर्पण केले’ या वाक्यात ‘ने’ आहे; परंतु ते कर्तेपण स्वतःला कर्म करण्यातच संपते. म्हणून प्रत्ययाबरोबर क्रियापद आणि कर्म हेही पाहावे लागते. एखादे पुनर्कथन किती धीट आहे हे त्यातील वर्णनावरून ठरविण्याची प्रथा आहे. कथेतील स्त्रीला आरंभीच्या ‘ला’पासून ‘ने’पर्यंत येता आले की नाही, आणि आल्यावर तिने काय केले, हे पाहिल्यास जुनी कथा खरोखर नव्याने सांगितली गेली की केवळ तिची वस्त्रे उतरविली गेली, याचा निर्णय अधिक खात्रीने करता येतो.