कलावंताच्या घरचा हिशेब

कलावंताने स्वतःचा डंका स्वतः पिटू नये, असा संकेत आपल्या सुसंस्कृत समाजाने दीर्घकाळ पाळला आहे. काम कसदार असेल तर ते आपोआप लोकांपर्यंत पोहोचते, ही त्यामागची श्रद्धा. श्रद्धा सुंदर आहे. पण ती बाळगणाऱ्यांपैकी फार थोड्यांवर तिकिटे खपविण्याची पाळी आलेली असते. ज्यांच्यावर ती आली, त्यांच्यापैकी एक म्हणजे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके.

छापखान्याच्या धंद्यातून बाहेर पडलेल्या, चाळिशी गाठलेल्या या गृहस्थाने ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि आपले देवही पडद्यावर का दिसू नयेत, या प्रश्नाने त्याला पछाडले. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून 1912 साली फाळके लंडनला गेले आणि यंत्रसामग्रीची खरेदी करून परतले. सावकाराचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडीथोडी चित्रित करून दाखविली. पैसे मागण्यापूर्वी करामत दाखवावी, हे व्यवहारज्ञान त्यांच्यापाशी होते. 3 मे 1913 रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. पुढे सुरतेत प्रेक्षक येईनात. तासन्‌तास चालणारी नाटके सोडून हा तुटपुंजा खेळ कोणी पाहावा? तेव्हा सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि तेही अवघ्या तीन आण्यांत, अशा आशयाची जाहिरात त्यांनी केल्याचे प्रसिद्ध आहे. यात कलेचा अपमान झाला काय? मुळीच नाही. दादासाहेबांनी फिल्मची लांबी सांगितली, स्वतःची उंची नव्हे. कृतीची जाहिरात आणि कर्त्याची जाहिरात यांतील अंतर ते एवढेच!

आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे आणि म्हणून प्रत्येकापाशी स्वतःचा डंकाही आहे. कृती पुरी होण्यापूर्वीच तिच्या कर्त्याचे मुखदर्शन घडते. जाहिरातीला लागणारा वेळ कामाच्या वेळातून चोरला जाऊ लागला, की महत्त्वाकांक्षेचे केवळ हव्यासात रूपांतर होते. तरीही तरुणांना एकजात आत्मप्रौढीचे दोषी ठरवू नये. न बोलणाऱ्याची दखल घेण्याइतका आपला समाज तरी कोठे दक्ष आहे?

खरा प्रश्न याहून अवघड आहे. या साऱ्याची किंमत कोण मोजतो? अखंड परिश्रमांनी फाळक्यांची दृष्टी काही काळ गेली होती, हे आपण कौतुकाने सांगतो. परंतु भांडवलासाठी कामी आले ते सरस्वतीबाईंचे दागिने. फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे, चित्रणाच्या वेळी पांढऱ्या चादरी धरून उभे राहणे आणि एवढे करून सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधणे, ही कामे त्या माउलीने केली. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. मुलगी मंदाकिनी 1919 च्या ‘कालियामर्दन’मध्ये कृष्ण झाली. अख्खे घर कलेच्या वेठीला लागले, असे कोणी म्हणेल; अख्खे घर कलेत सामील झाले, असेही म्हणता येईल. या दोहोंतला फरक संमतीचा आहे. सरस्वतीबाईंना पतीचे वेड ठाऊक होते. आपण कशात उडी घेत आहोत हे त्यांना कळत होते.

1937 साली आलेला ‘गंगावतरण’ हा दादासाहेबांचा अखेरचा चित्रपट. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनीच पाया घातलेल्या धंद्याला त्यांचा जवळजवळ विसर पडला होता. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला तो 1969 साली, म्हणजे पाव शतकानंतर. 2009 साली ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटाने त्यांची धडपड नव्या पिढीसमोर आणली. त्यात सरस्वतीबाईंना मिळालेले स्थान ही समाधानाची गोष्ट.

कचेरीत दिवसभर फायली हाताळून रात्री कथा लिहीत बसणारा कारकून, सुटीत नाटकाच्या तालमी घेणारा शिक्षक, नोकरीचा अर्ज बाजूला सारून चित्रकलेचा ध्यास घेणारा विद्यार्थी यांना कोणी ‘हे वेड सोडा’ असे सांगू नये. वेडावाचून नवे काही घडत नाही. मात्र रात्री दिवा जळतो तेव्हा त्या उजेडात आणखी कोणाची झोप मोडते, याची नोंद त्यांनी आपल्या वहीत ठेवावी. कीर्ती पदरी पडो वा न पडो, ते देणे आधी मान्य केले पाहिजे. श्रेयनामावलीत पहिले नाव कोणाचे असावे, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.