‘साहेबांना विचारून सांगते’

मुलीचं लग्न ठरतं, याद्या होतात आणि आपण नणंद-भावजया मिळून मंगल कार्यालयं बघायला निघतो. टेबलामागची बाई हसून उठते. हॉल दाखवते, वधूपक्षाच्या खोल्या दाखवते, पाणी किती वाजता येतं तेही सांगते. ‘काकू, आजींसाठी खालचीच खोली ठेवू या,’ असं तीच सुचवते आणि आपला निम्मा घोर उतरतो. शेवटी आपण विचारतो, ‘ताटाला किती? काही कमी होईल का?’ आणि इतका वेळ घडाघडा बोलणारी ती बाई चाचरते. म्हणते, ‘साहेबांना विचारून सांगते.’

मैत्रिणींनो, या धंद्यातल्या कितीतरी हुशार बायकांची वाट नेमकी या वाक्यापाशी अडते.

लग्न-मुंजी, डोहाळजेवणं, साठीशांत, कंपन्यांच्या सभा, साड्यांची प्रदर्शनं या सगळ्यांसाठी जागा, जेवण आणि व्यवस्था विकणं हा आज मोठा व्यवसाय आहे. मोठ्या हॉटेलांत त्यासाठी बँक्वेट सेल्सचा वेगळा विभाग असतो. तिथे एक्झिक्युटिव्हपासून मॅनेजर, पुढे डायरेक्टर ऑफ सेल्स अशा पायऱ्या असतात. लहान गावच्या कार्यालयात पायऱ्या नसतात, पण प्रश्न तोच असतो: भाव ठरवणार कोण?

माझ्या ओळखीच्या एका बाईंची गोष्ट सांगते. मुलं शाळेत जाऊ लागल्यावर त्या एका लॉनच्या ऑफिसात नोंदवही सांभाळायला लागल्या. बघता बघता सहा वर्षं गेली. आलेल्या माणसांशी त्याच बोलायच्या, आचाऱ्याचे रुसवे त्याच काढायच्या. मग एके दिवशी मालकांनी एका तरुण मुलाला मॅनेजर म्हणून आणून त्यांच्या वर बसवलं. बाईंनी धीर करून कारण विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘ताई, तुम्ही सगळं सांभाळता हो, पण मॅनेजर म्हणजे धंदा आणणारा माणूस हवा.’

बाई त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वही उघडली. तारीख होती, यजमानांचं नाव होतं, ॲडव्हान्सही होता. पण गिऱ्हाईक कोणी आणलं, सौदा कोणी पक्का केला, याचा रकानाच नव्हता! त्यांनी पट्टी घेऊन तो रकाना आखला. वर्षभर प्रत्येक नोंदीपुढे नाव लिहिलं, आपलंही आणि त्या मुलाचंही, अगदी प्रामाणिकपणे. वर्षअखेरीला बेरीज मालकांपुढे ठेवली. तीन कार्यांमागे दोन बाईंनी आणलेली होती. त्या रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘पाच टक्क्यांपर्यंत सूट द्यायचा अधिकार मला लेखी द्या.’ मालकांनी आठ दिवस घेतले, पण दिला. पद आणि पगारवाढ मिळायला आणखी दीड वर्ष गेलं. आज त्या लॉनची सगळी विक्री त्यांच्या हाताखाली चालते.

या क्षेत्रात असलेल्या किंवा येऊ पाहणाऱ्या बहिणींसाठी त्यांच्या अनुभवातल्या चार गोष्टी.

आधी हिशेब, मग सूट

समजा, ३०० ताटं आहेत, ताटाला ४५० रुपये. झाले १,३५,००० रुपये. तुमचा खर्च ताटामागे ३८०, म्हणजे १,१४,०००. उरले २१,०००. आता समोरच्या वहिनींनी गोड बोलून १० टक्के सूट मागितली आणि तुम्ही ‘बरं’ म्हणालात. गेले १३,५००! हातात राहिले साडेसात हजार. सूट दहा टक्क्यांची, पण नफ्याचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग गेला. हे गणित ज्या बाईला तोंडपाठ आहे, तिला साहेबांना विचारायला जावं लागत नाही.

नुसतं ‘नाही’ही म्हणू नका. भाव उतरवायचा तर बदल्यात काही मागा. एक पक्वान्न कमी करा, रविवारऐवजी मधल्या वाराचा मुहूर्त सुचवा, किंवा ॲडव्हान्स थोडा जास्त घ्या. भाजीवाल्याकडे आपण रोज हेच करतो, नाही का? फक्त इथे टोपलीच्या पलीकडल्या बाजूला बसायचं.

रिकाम्या तारखा हेच खरं भांडवल

तुळशीची लग्नं लागली की कार्यालयांना उसंत नसते. ते दिवस कोणीही विकेल. खरी परीक्षा चातुर्मासात. तेव्हा विक्रेत्यांचे मेळावे, बँकांची प्रशिक्षणं, शाळांची संमेलनं, महिला मंडळांची प्रदर्शनं शोधून आणावी लागतात. तुमच्या भिशीतल्या, हळदीकुंकवातल्या ओळखी इथे कामी येतात. पण ओळखीचं काम म्हणून फुकट करू नका. तेही वहीत लिहा, आपल्या नावापुढे.

शब्द दिला तो कागदावर

किती ताटांची हमी, त्यावर जास्त झाली तर काय भाव, जीएसटी धरून की वेगळा, कार्य रद्द झालं तर किती पैसे परत, हे सगळं लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्या. २०२० च्या मार्चअखेर देश बंद झाला तो ऐन लग्नसराईच्या तोंडावर. नंतर लग्नाला परवानगी मिळाली तीही ५० माणसांची. आमच्या या बाईंनी एकेका घरी फोन केला, लेखी अटी वाचून दाखवल्या आणि जमतील त्या तारखा पुढे ढकलून दिल्या. त्यातली बरीच घरं आज मुंजीला, बारशाला त्यांच्याचकडे येतात.

आणि जे आपल्या हातात नाही त्याचं वचन देऊ नका. उघड्या लॉनवर रात्री १० नंतर ध्वनिवर्धक बंद, हा ध्वनिप्रदूषणाचा नियम २००० सालापासून आहे. वरपक्षाला खूश करायला ‘बघू, वाजवा बाराला’ म्हणालात, तर पोलीस आल्यावर मान तुमचीच खाली जाईल.

रात्रीचं काय?

हा प्रश्न प्रत्येक घरात निघतोच. रिसेप्शन अकराला संपतं, आवरायला बारा. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे, कायद्यात ठरवलेल्या संख्येइतके किंवा अधिक कामगार असतील तिथे, रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायला तिची संमती लागते. तिच्या सुरक्षिततेची आणि घरी पोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. ही भीक नव्हे, हक्क आहे. नोकरी घेतानाच गाडीचं विचारा.

कधी एखादा पाहुणा रंगात येऊन नको ते बोलतो. ‘गिऱ्हाईक आहे, सांभाळून घ्या’ असं वरिष्ठ म्हणाले तरी गप्प बसू नका. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रार समिती हवी. त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची समिती असते.

घरचंही स्पष्ट बोलून ठेवावं. लग्नसराईच्या तारखा दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहा आणि ती स्वयंपाकघरात लावा. त्या रात्री कुकर कोण लावणार हे आधीच ठरू दे. या बाई म्हणतात, ‘तीनशे माणसांची पंगत मी वेळेवर उठवते, मग घरच्या चार जणांनी एक दिवस स्वतःचं पान स्वतः वाढून घेतलं तर काय बिघडलं?’ पहिल्या हंगामात त्यांच्या सासूबाई रुसल्या होत्या. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच सांगतात, ‘आमच्या सूनबाईंना विचारा, तारीख मिळते का बघा!’

परवा मी त्यांच्या ऑफिसात गेले होते. टेबलाशी एक नवी मुलगी होती, जेमतेम बावीस-तेवीसची. समोरच्या काकूंनी भाव कमी करायला सांगितला तशी ती सवयीने म्हणाली, ‘मॅडमना विचारून...’ आतून बाई आल्या. वाटलं, आता त्या भाव सांगतील. पण त्यांनी वही मुलीपुढे सरकवली आणि म्हणाल्या, ‘तुला हिशेब येतो ना? मग तूच सांग.’

मुलीने वहीत पाहिलं, मनाशी काही आकडे जुळवले आणि भाव सांगितला. काकूंनी पर्स उघडली. नोंदीच्या शेवटच्या रकान्यात त्या मुलीने आपलं नाव लिहिलं.