वॉल मिक्सर गळतोय? आधी स्पिंडल बघा

शेजारच्या काकूंचा बाथरूममधला जुना वॉल मिक्सर सतत ठिबकत होता. प्लंबरने नवाच घ्यायला सांगितला. उघडून पाहिलं, तर गरम पाण्याच्या बाजूचं स्पिंडल तेवढं गेलेलं.

चावीच्या आत हे पितळी स्पिंडल असतं. बरेच वळसे फिरवायच्या जुन्या प्रकारात टोकाला रबरी वायसर असतो. तो झिजला की तेवढाच बदलायचा. पाव वळशात उघडणाऱ्या चावीत मात्र सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. रेती आणि बोअरच्या पाण्यातला क्षार त्यांना खराब करतो. मग चावी कितीही आवळा, थेंब थांबत नाही!

आधी गीझर बंद करा, मग टाकीकडून येणारा व्हॉल्व्ह. नळ उघडून पाइपमधलं पाणी काढा. मोरीच्या जाळीवर फडकं टाका. चावीचा बारका स्क्रू तिथे नक्की पडतो.

जुनं स्पिंडल सोबत घेऊनच दुकानात जा. लांबी, आटे, वरचे दाते, सगळं कंपनीगणिक वेगळं. गरम बाजू की थंड, तेही सांगा. बऱ्याच मिक्सरमध्ये दोन्ही उलट दिशांना फिरतात.

अख्खा मिक्सर बदलायचा झाला तरी सहसा टाइल फोडावी लागत नाही. दोन जोडण्यांमधलं अंतर साधारण 150 मिमी असतं, थोडा फरक वाकडे लेग फिरवून जुळतो. टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा.

भिंतीतल्या डायव्हर्टरची बॉडीच गळत असेल, तर मात्र प्लंबरला बोलवा.

तुमच्याकडे कुठला प्रकार आहे? फोटो टाका, बघून सांगतो.