चालणे सुरू केले आणि टाच दुखू लागली

पहाटेची मिस्सा आटोपल्यावर घरी न परतता थेट फिरावयास जाणारी मंडळी आता आपल्या बहुतेक धर्मग्रामांत दिसतात. कोणाच्या रक्तात साखर आढळलेली असते, कोणाचा रक्तदाब वाढलेला असतो, तर कोणास निवृत्तीनंतर शरीर जड झाल्याची जाणीव झालेली असते. डॉक्टर चालण्यास सांगतात, नवे बूट घरी येतात आणि पहिल्याच दिवसापासून तासाभराची फेरी सुरू होते. पहिला आठवडा उत्साहात जातो. तिसऱ्या आठवड्यात यांतीलच काही जण चर्चच्या पायऱ्या लंगडत चढताना दिसतात आणि महिनाअखेरीस चालणे बंद पडते. साखर मात्र जेथे होती तेथेच राहते.

हे आम्ही इतरांकडे बोट दाखविण्यासाठी लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी आम्हीही हेच केले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे तपासणीत दिसले, तेव्हा रोज पाच किलोमीटर चालण्याचा निर्धार केला आणि तो दुसऱ्याच दिवशी अमलात आणला. त्यापूर्वी आमचे चालणे म्हणजे निवासापासून चर्चपर्यंत आणि तेथून कार्यालयातील खुर्चीपर्यंत. अठराव्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरून पाऊल टेकवले, तो टाचेत कोणी खिळा ठोकावा तशी कळ आली. दहा-बारा पावलांनंतर ती ओसरली, म्हणून त्या दिवशीही पाच किलोमीटर पुरे केले. त्या हट्टाची किंमत पुढील कित्येक महिने मोजावी लागली.

दुखणे पहिल्या आठवड्यात न येता तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात का येते, हे समजले तर उपायही समजतात. व्यायाम सुरू केला की हृदय, फुप्फुसे आणि स्नायू लवकर सरावतात. दोन-तीन आठवड्यांत दम लागणे कमी होते. माणसास वाटते, आता जमू लागले. तो अंतर वाढवितो, वेग वाढवितो. परंतु पावलातील हाडे आणि त्यांना बांधून ठेवणारे चिवट बंध यांना नव्या भाराची सवय होण्यास महिने लागतात. एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. दम टिकतो आहे यावरून पाऊलही तयार झाले आहे असे मानणे, ही येथील मूळ चूक होय.

हाडाची गोष्ट तर अधिकच विचार करावयास लावणारी आहे. भार वाढला की शरीर प्रथम जुने हाड थोडे झिजविते आणि मग त्या जागी नवे, मजबूत हाड भरते. झीज आधी व भर नंतर, म्हणून मधल्या काही आठवड्यांत हाड पूर्वीपेक्षाही नाजूक असते. १८५५ साली ब्राइथाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी लांबच्या कूचेनंतर सैनिकांची पावले सुजून दुखतात, अशी नोंद केली. कारण कोणास ठाऊक नव्हते. १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि दोनच वर्षांनी, १८९७ साली, त्या सुजलेल्या पावलांच्या हाडांत बारीक तडे असल्याचे दिसून आले. आज त्यांस स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. एकाच घावाने मोडलेले हे हाड नव्हे. हजारो पावलांचा मार साचून गेलेला हा तडा असतो. तो सुरुवातीस एक्स-रेमध्ये दिसेलच असे नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आमचे दुखणे मात्र हाडाचे नव्हते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायात एक जाड, चिवट पट्टा असतो. धनुष्याची दोरी धनुष्यास ताणून धरते, तसा तो पावलाची कमान धरून ठेवतो. त्याला प्लांटर फॅशिया असे नाव आहे. भार एकाएकी वाढला की टाचेजवळ, जेथे तो हाडाला चिकटतो, तेथे तो दुखावतो. रात्रभर पाऊल सैल पडून राहते, पट्टा आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला तो एकदम ताणला जातो. ती खिळ्यासारखी कळ ती हीच. चालताना ती कमी होते आणि तेथेच माणूस फसतो. संध्याकाळी, किंवा बराच वेळ बसून उठल्यावर, ती परत येते.

आपल्याकडे अशा वेळी “टाचेचे हाड वाढले आहे” असे सांगण्याची पद्धत आहे. एक्स-रेमध्ये टाचेखाली काट्यासारखे टोक दिसतेही. परंतु तसे टोक टाच कधीच न दुखलेल्या पुष्कळ लोकांतही आढळते, म्हणून त्या टोकाची धास्ती घेऊन शस्त्रक्रियेच्या विचाराने झोप उडवून घेण्याचे कारण नाही. हे दुखणे बहुतेकांचे शस्त्रक्रियेवाचून बरे होते. मात्र त्यास काही महिने, कधी वर्षही लागते. डॉक्टरांनी हे पहिल्याच भेटीत सांगितले तेव्हा आम्ही मनातून रुष्ट झालो होतो.

उपायांतील पहिला म्हणजे अंतर कमी करणे. चालणे अगदी बंद करावे लागेलच असे नाही. चालताना दुखणे वाढत नसेल आणि दुसऱ्या दिवशीची पहिली पावले आदल्या दिवसापेक्षा अधिक दुखत नसतील, तर तेवढे अंतर पावलास झेपते असे समजावे. दुखत असतील तर आणखी कमी करावे. आम्ही पाच किलोमीटरवरून पंधरा मिनिटांवर आलो. मनाला ते फार लागले.

दुसरा उपाय अंथरुणातच करावयाचा. पाऊल जमिनीला लावण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा ठेवावा, हाताने बोटे नडगीकडे ओढून धरावीत आणि दहा अंक मोजावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोटरीचा ताणही सोबत हवा, कारण आखडलेली पोटरी टाचेला मागून ओढत असते. तिसरा व्यायाम डेन्मार्कमधील संशोधकांनी तपासून पाहिलेला आहे. जिन्याच्या पायरीवर टॉवेलची गुंडाळी ठेवून तिच्यावर पायाची बोटे टेकवायची, टाच बाहेर अधांतरी ठेवायची. तीन सेकंदांत टाच उचलायची, दोन सेकंद थांबायचे आणि तीन सेकंदांत खाली आणायची. हा एक दिवसाआड करावयाचा असतो. तीन महिन्यांनी या गटास केवळ ताण देणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडला होता. वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळजवळ सारखेच झाले. कठड्याला धरून करावा, इतकेच आमचे सांगणे. फिजिओथेरपिस्टकडून एकदा समजून घेतल्यास अधिक चांगले.

रुईची पाने तापविलेल्या विटेवर ठेवून टाच शेकण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो. उबेने तात्पुरते बरे वाटत असेल, त्यास आमची ना नाही. पण रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी या वाटेस मुळीच जाऊ नये. वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेणे मूत्रपिंडास व रक्तदाबास घातक ठरू शकते. घरात टणक लादीवर अनवाणी वावरणे काही महिने सोडावे. मऊ तळव्याची चप्पल घालावी. नवे बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाऊल किंचित सुजते.

आणि ती दहा हजार पावले! हा आकडा कोणा वैद्यकीय परिषदेतून आला असावा अशी आमचीही समजूत होती. प्रत्यक्षात १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले. त्याच्या नावाचाच अर्थ दहा हजार पावले मोजणारे यंत्र असा होता. २०१९ साली सुमारे १६ हजार ७०० वयस्क अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ७२ होते. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी होते आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर लाभ आणखी वाढताना दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यास किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविते. तो पहिल्याच आठवड्यात गाठण्याची घाई नको.

काही दुखणी मात्र अंगावर काढू नयेत. चवड्याच्या वरच्या बाजूस एकाच ठिकाणी बोट ठेवताच कळ येणे, चालताना वाढत जाणारे आणि विसाव्यातही न थांबणारे दुखणे, सूज, बधिरपणा, किंवा टाचेमागे एकाएकी काही तुटल्यासारखे वाटून चवड्यावर उभे राहता न येणे, यांपैकी काहीही असेल तर चालणे त्याच दिवशी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

मधुमेही वाचकांशी आम्हांस वेगळे बोलावयाचे आहे, कारण चालण्याची सर्वाधिक गरज त्यांना आणि पावलाचा सर्वाधिक धोकाही त्यांनाच. दीर्घकाळच्या मधुमेहात पावलांतील संवेदना मंदावते. मग बूट लागला, फोड आला, तरी दुखत नाही. आमच्या परिचयातील एका गृहस्थांना नव्या बुटाचा फोड चार दिवसांनी कळला, तोही मोज्यावर डाग दिसला म्हणून. पुढे अंगठा काढावा लागला. अशांनी चालणे सुरू करण्यापूर्वी पावलांची संवेदना डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. एक पाऊल गरम आणि लाल होऊन सुजले, पण दुखत नाही, तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा नाही ना, हे पाहावे. आणि रोज रात्री तळपाय व बोटांच्या बेचक्या नीट पाहाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा घरातील कोणास तरी पाहावयास सांगावे.