शीत हवामानातील कुंडीतील केळीचे हिवाळी संगोपन

प्रस्तावना :

केळ ही उष्ण व दमट प्रदेशातील वनस्पती असली, तरी इंग्लंडसारख्या थंड देशात ती लावण्याची हौस जुनी आहे. डर्बीशायर परगण्यातील चॅट्सवर्थ येथे जोसेफ पॅक्स्टन यांनी मॉरिशसमार्गे आलेले एक ठेंगणे रोप तापविलेल्या काचगृहात वाढविले. १८३५ मध्ये ते फुलले व पुढील वर्षी त्यास फळे धरली. पॅक्स्टन यांचे धनी, डेव्हनशायरचे सहावे ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश, यांच्या कुलनामावरून या केळीस नाव मिळाले. खानदेशात दीर्घकाळ लावली गेलेली बसराई ही याच ठेंगण्या कॅव्हेंडिशची आपल्याकडील ओळख होय. ब्रिटनमधील हौशी मंडळी आजही ती कुंडीत लावतात. मात्र ड्यूकच्या पदरचे तापविलेले काचगृह त्यांच्यापाशी नसते आणि पहिल्याच हिवाळ्यात अनेक रोपे दगावतात. ही हानी कशामुळे होते व ती कशी टाळता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

केळीची रचना व थंडीचा परिणाम :

केळीचे जे खोड आपणास दिसते ते खरे खोड नव्हे. एकमेकांवर घट्ट गुंडाळलेल्या पर्णतलांचा तो स्तंभ असतो. खरे खोड म्हणजे जमिनीतील कंद. फुलोरा तयार होईपर्यंत वाढीचा कोंब या कंदाच्या माथ्यावर, मातीच्या पातळीजवळच राहतो. म्हणूनच वरचा स्तंभ कापला तरी मधून नवा पोंगा वर येतो, आणि पाने पूर्णपणे जळाली तरी झाड मेले असे म्हणता येत नाही. हिवाळ्यात राखावयाचा असतो तो कंद. पानांचा मोह धरल्यास बहुधा दोन्ही गमवावे लागतात.

तापमान १४ ते १६ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की केळीची वाढ जवळजवळ थांबते. शून्याच्या आसपास पाने करपतात. परंतु कुंडीतील केळ केवळ थंडीने मरते त्यापेक्षा थंडी व ओल यांच्या संयोगाने अधिक वेळा मरते. वाढ थांबलेली मुळे पाणी शोषीत नाहीत. दिलेले पाणी मातीत साचून राहते, मुळांस हवा मिळत नाही आणि सड मुळांकडून कंदात शिरते. वरून झाड कोमेजलेले दिसते, म्हणून मालक आणखी पाणी घालतो. रोपांच्या नाशाचे हे सर्वांत सामान्य कारण होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

‘काटक’ जातीविषयीचा गैरसमज :

म्यूसा बासजू ही मूळची दक्षिण चीनमधील जात थंडी सोसणारी म्हणून विकली जाते. (जपानी कवी मात्सुओ बाशो यांनी आपले टोपणनाव घेतले ते आपल्या झोपडीपुढील केळीवरूनच, तिची फळे खाण्याजोगी नसतात, शोभा मात्र पानांची.) तिचा काटकपणा खरा असला तरी तो जमिनीत लावलेल्या झाडापुरता आहे. जमिनीत थोड्या खोलीवर ऊब टिकून राहते. कुंडीला मात्र चहूबाजूंनी गार वारा लागतो व मुळांसह संपूर्ण मातीचा गोळा गोठू शकतो. जमिनीतील बासजूभोवती जाळीचा पिंजरा करून त्यात पेंढा भरला व वरून पावसापासून आडोसा केला म्हणजे भागते. कुंडीतील बासजूस मात्र छपराखालीच न्यावे लागते. विक्रीच्या चिठ्ठीवर हा भेद क्वचितच नमूद असतो.

हिवाळ्यातील व्यवस्था :

पहिले दहिवर गोठण्यापूर्वी, ब्रिटनमध्ये साधारणतः ऑक्टोबरात, कुंडी आत घ्यावी. यापुढे दोन मार्ग संभवतात. पहिला, १५ अंशांहून अधिक ऊब व भरपूर उजेड असलेल्या खोलीत झाड मंद गतीने वाढत ठेवणे. यात अडचण प्रकाशाची. डिसेंबरात लंडनचा दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. जळगावी तेव्हा तो जवळपास अकरा तासांचा असतो. शिवाय तापविलेल्या खोलीतील कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी बळावतो. ठेंगण्या कॅव्हेंडिशसाठी तरीही हाच मार्ग अधिक सुरक्षित आहे.

दुसरा मार्ग सक्तीच्या विश्रांतीचा. पाने कापून, स्तंभ राखून, कुंडी गोठणार नाही अशा गार तळघरात किंवा मोटारखान्यात ठेवावी व पाणी जवळजवळ बंद करावे. बासजूस हा मार्ग मानवतो. तांबड्या पानांची एन्सेटे तर कुंडीतून उपटून, पर्णतलांत साचलेले पाणी निथळण्यासाठी काही दिवस उलटी ठेवून, कोरडीच साठविता येते. तिला मुनवे फुटत नसल्यामुळे एकमेव कंद गेला की सर्वच गेले.

पाणी तोडण्याचा हा सल्ला खानदेशातील वाचकास उफराटा वाटेल. तेथे कडाक्याच्या थंडीत केळीवर चरका पडू नये म्हणून रात्री विहिरीचे पाणी दिले जाते, बांधावर धूर केला जातो. दोन्ही उपाय आपापल्या जागी योग्यच आहेत. खानदेशातील थंडी रात्रीची असते. दिवसा स्वच्छ ऊन पडते, मुळे कामावर असतात व विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते. ब्रिटनमध्ये दिवसही तितकाच निस्तेज असतो आणि हा काळ रात्रींचा नव्हे, महिन्यांचा असतो.

वसंतातील पुनरारंभ :

मार्च-एप्रिलमध्ये ऊब वाढू लागताच थोडे थोडे कोमट पाणी सुरू करावे. मेअखेरपर्यंत कुंडी कायमची बाहेर नेऊ नये. खत नव्या पोंग्याची हालचाल दिसल्यावरच द्यावे व त्यात पालाशाचे प्रमाण पुरेसे असावे. झाड जिवंत आहे की नाही याची शंका असल्यास बुंधा दाबून पाहावा. तो टणक असेल तर धीर धरावा. मऊ लागल्यास धारदार सुरीने वरून एकेक चकती कापीत खाली यावे आणि आतील गाभा पांढरा व घट्ट लागला की तेथे थांबावे. कोंब त्याच्या खाली सुरक्षित असण्याचा संभव पुष्कळ असतो.