देवाचे नाव आणि दुकानाची पाटी

श्रीस्वामी समर्थ १८७८ साली अक्कलकोटास समाधिस्थ झाले, आणि या जुन्या संस्थानी गावाची बाजारपेठ आज प्रामुख्याने यात्रेकरूंच्या पावलांवर चालते. पेढे, उदबत्त्या, तसबिरी विकणाऱ्यांनी व उतारूंना खोल्या देणाऱ्यांनी स्वामींचेच नाव पाटीवर घालावे, हे श्रद्धेस धरून आहे. तंटा उद्भवतो तो शेजारच्या गाळ्यावर तशीच पाटी चढली म्हणजे. अशा वेळी जुना दुकानदार गुमास्ता परवाना आणि जीएसटीचा दाखला घेऊन वकिलाकडे धावतो, व तेथे त्यास कळते की हे कागद धंद्याची नोंद तेवढी दर्शवितात. नावावरील हक्क त्यांतून मुळीच उत्पन्न होत नाही. तो हक्क व्यापारचिन्हाच्या नोंदणीने, अथवा दीर्घकाळच्या प्रामाणिक वापराने मिळतो.

परंतु देवाच्या नावाचे काय? उदबत्तीवरील ‘रामायण’ या नावासाठी पाटण्याच्या दोन व्यापाऱ्यांत जुंपलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१५ साली न्यायालयाने निर्णय दिला की पवित्र ग्रंथाचे नाव कोणाही एका व्यापाऱ्यास आपले व्यापारचिन्ह म्हणून राखून ठेवता येणार नाही. मात्र त्यास दुसरा तुल्यबळ शब्द जोडला असता नोंदणीचा विचार होऊ शकेल. निकाल ग्रंथनामाविषयीचा खरा, तथापि संतनामाचा मक्ता मागणाऱ्यासही त्यातील तत्त्व विचारात घ्यावे लागेल, आणि माझ्या मते ते सर्वथा न्याय्य आहे. पेढ्याच्या खोक्यावर स्वामींची तसबीर झाकणभर आणि करणाऱ्याचे नाव तळाशी बारीक अक्षरांत, अशी मांडणी करणाऱ्याने जे आपले आहे तेच झाकून ठेवलेले असते. आडनाव, घराण्याची खूण, स्वतंत्र घडणीची अक्षरे हीच त्याची खरी मिळकत होय.

जुन्या वापराचे मोल पुण्याच्या ‘बर्गर किंग’ने दाखविले. १९९२ च्या सुमारास सुरू झालेल्या या उपाहारगृहाविरुद्ध त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने २०११ साली दावा लावला. कंपनीचे भारतातील पहिले दुकान २०१४ साली उघडले, हे लक्षात घेऊन जिल्हा न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दावा फेटाळला. उच्च न्यायालयाने अपिलाच्या निकालापर्यंत पुणेकरास मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईस स्थगिती दिली.

एवढी लढाई लहान दुकानदारास झेपणारी नाही, म्हणून दप्तर आधीच राखावे. पाटी रंगविल्याची पावती, खोकी छापल्याचे छापखान्याचे बिल, जुनी जाहिरात, असे तारखेचे कागद न्यायालयात तोंडी साक्षीहून अधिक बोलतात. व्यक्तीस अथवा लघुउद्योगास एका वर्गातील नोंदणीचा अर्ज संगणकाद्वारे ४,५०० रुपये शुल्कात करता येतो, आणि नोंदणी दहा वर्षांची असून पुढे नूतनीकरण होते. दुसऱ्याचा अर्ज व्यापारचिन्हांच्या राजपत्रात प्रसिद्ध झाला असता हरकत घेण्यास चार महिन्यांची मुदत असते. आपल्या नावाशी मिळता अर्ज त्यात आला आहे काय, हे दर महिन्यास कोणीतरी पाहिले पाहिजे, आणि अक्कलकोटच्या व्यापाऱ्यांनी हे काम मिळून एखाद्या जाणत्याकडे सोपविले, तर खर्चही वाटला जाईल.