सत्तावीस मेगाहर्ट्झची मुभा

नागपूरहून अमरावतीकडे निघाले की कोंढाळीनंतर रस्ता डोंगराळ पट्ट्यात शिरतो आणि थोड्या वेळाने कारंजा (घाडगे) येते. वर्धा जिल्ह्यातला हा तालुका संत्र्याचा. आंबिया आणि मृग बहाराच्या दिवसांत इथून माल भरून गाड्या निघतात. एरवीही गुजरातेतल्या हजिऱ्यापासून कोलकात्यापर्यंत जाणारी जड वाहतूक रात्रंदिवस गावाजवळून धावत असते. सीबी रेडिओचा छंद आज जिवंत आहे का, याचा शोध घेताना हाच रस्ता मी समोर ठेवला. कारण हा छंद जगात जिथे फोफावला तिथे तो अशाच महामार्गांवर, ट्रकच्या केबिनमध्ये फोफावला. आणि कारंज्याच्या ढाब्यांपुढे रात्री उभ्या असलेल्या ट्रकांच्या रांगेत तो कधीच आला नाही.

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. सामान्य माणसाने परीक्षा न देता, संच विकत घेऊन, शेजारच्या गावातल्या किंवा मागून येणाऱ्या गाडीतल्या माणसाशी थेट बोलावे म्हणून राखून ठेवलेला लहरींचा पट्टा. मधे टॉवर नाही, कंपनी नाही, महिन्याचे रिचार्ज नाही. अमेरिकेने १९५८ साली २७ मेगाहर्ट्झच्या आसपास हा पट्टा लोकांना दिला, तेव्हा त्यात २३ चॅनेल होते. पंधरा वर्षे तो दुकानदार, शेतकरी, प्लंबर यांच्या कामापुरता राहिला. मग १९७३चे तेलसंकट आले. डिझेल मिळेना, वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आली, आणि पुढच्या कुठल्या पंपावर डिझेल आहे, कुठे पोलीस दबा धरून बसलेत हे ट्रकचालक एकमेकांना सीबीवरून सांगू लागले. १९७५मध्ये ‘कॉन्व्हॉय’ नावाचे गाणे गाजले, तीन वर्षांनी त्याच नावाचा चित्रपट निघाला, आणि घरोघरच्या गाड्यांवर लांब अँटेना डोलू लागल्या. खरे नाव कोणी सांगत नसे. प्रत्येकाचे एक टोपणनाव, त्याला ‘हँडल’ म्हणत. गर्दी इतकी वाढली की १ जानेवारी १९७७पासून चॅनेल ४० करावे लागले. ब्रिटनमध्ये तर लोकांनी आधी बेकायदा संच वापरले आणि सरकारने नंतर, नोव्हेंबर १९८१मध्ये, मान्यता दिली.

मोबाइल आल्यावर ही गर्दी ओसरली. पण छंद संपला, असे म्हणायला माझे मन तयार नाही आणि पुरावेही तसे नाहीत. मेलेल्या माध्यमासाठी कोणी नवे नियम करत नाही. अमेरिकेत २५० किलोमीटरपलीकडे सीबीवरून बोलायला बंदी होती. ती २०१७मध्ये उठली. २०२१मध्ये तिथे सीबीवर एफएमला परवानगी मिळाली, म्हणजे खरखर कमी आणि आवाज स्वच्छ. ब्रिटनने २००६मध्ये परवान्याची अटच काढून टाकली. ऑस्ट्रेलियात ४७७ मेगाहर्ट्झचा नागरिक पट्टा आजही ट्रकचालक, शेतकरी आणि कॅराव्हॅन घेऊन भटकणारी कुटुंबे रोज वापरतात, कारण त्या देशाच्या पोटात शेकडो किलोमीटर मोबाइलचे टॉवर नाहीत.

आशियातले उदाहरण मला याहून मोलाचे वाटते. इंडोनेशियात १० नोव्हेंबर १९८० रोजी ‘रापी’ ही नागरिक-रेडिओ वापरणाऱ्यांची संघटना सरकारी मान्यतेने उभी राहिली. भूकंप, ज्वालामुखी, पूर अशा वेळी तिचे सभासद निरोप पोचवतात. हा श्रीमंत देशांचा, रिकाम्या वेळेचा छंद आहे हा समज या एका संघटनेने खोटा ठरवला आहे.

शिवाय या पट्ट्याला सूर्याची साथ असते. सूर्यावरच्या डागांचे चक्र साधारण अकरा वर्षांचे. डाग वाढले की पृथ्वीभोवतीचा आयनांबर दाट होतो आणि ११ मीटर लांबीच्या या लहरी त्यावरून परतून हजारो किलोमीटरवर उतरतात. सीबीवाले याला ‘स्किप’ म्हणतात. ऑक्टोबर २०२४मध्ये नासा आणि अमेरिकेच्या हवामानसंस्थेने सूर्य या चक्राच्या शिखरकाळात असल्याचे जाहीर केले. अशा काळात चार-पाच वॅटच्या, म्हणजे घरातल्या एलईडी दिव्याहूनही कमी शक्तीच्या संचावरून माणूस खंडापलीकडे ऐकू जातो. ज्यांनी जुने संच माळ्यावर टाकले होते, त्यांच्यापैकी काहींनी ते याच काळात पुन्हा खाली काढले.

आता आपल्याकडे येऊ. सीबी भारतात बेकायदा आहे, असे पुष्कळ जाणकारही समजतात. तसे नाही. २००५ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्यातून मुक्त केला. पाच वॅटपर्यंतचा संच कोणीही नागरिक वापरू शकतो. अमेरिकेच्या ४० चॅनेलपैकी पहिले २७ या हद्दीत बसतात. त्यात आणीबाणीसाठी राखलेला ९ नंबरचा चॅनेल आहे आणि ट्रकवाल्यांचा लाडका १९ नंबरही आहे. म्हणजे कारंज्यातल्या ट्रकमालकाला आपल्या चार गाड्यांत मान्यताप्राप्त सीबी संच बसवायचे असतील, तर कायद्याने वीस वर्षांपासून वाट मोकळी आहे. मग वाटेवर कोणी का दिसत नाही?

याचे एक उत्तर त्या आकड्यांतच आहे. २६.९५७ ते २७.२८३ हा पट्टा जगभर उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय यंत्रांसाठी सोडलेला आहे; त्याचा मध्य २७.१२ मेगाहर्ट्झ. गुडघा किंवा कंबर धरली की फिजिओथेरपिस्ट दोन गाद्या लावून जो आतून शेक देतात, ते शॉर्टवेव्ह डायथर्मीचे यंत्र याच कंपनसंख्येवर चालते. मुलांच्या रिमोटच्या जुन्या मोटारगाड्या पालथ्या करून पाहा, कित्येकांच्या पोटावर २७ मेगाहर्ट्झ असे छापलेले आढळेल. सरकारने नागरिकांना जो पट्टा दिला तो या यंत्रांच्या वाट्याचा. अटही तशीच: तुमचा कोणाला त्रास होता कामा नये आणि तुम्हाला कोणाचा त्रास झाला तर तक्रार करता येणार नाही.

खरी अडचण पुढच्या अटीत आहे. अँटेना संचातच बसवलेली हवी. ११ मीटरच्या लहरीला नीट काम करणारी, लांबीच्या चौथ्या हिश्श्याची अँटेना पावणेतीन मीटरची लागते. हातातल्या संचाला असते वीतभर. असा संच घेऊन माणूस ट्रकच्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसला, की पाच वॅटमधला फार थोडा भाग बाहेर पडतो. अमेरिकेत चालकाच्या संचाची शक्ती आपल्याहून कमीच, एएमवर चार वॅट. पण अँटेना केबिनच्या बाहेर, उंच. तिथला ट्रकवाला आठ-दहा किलोमीटर सहज बोलतो, आपला एक-दोन किलोमीटरवर अडतो. हा फरक यंत्राने केलेला नाही, नियमातल्या एका वाक्याने केला आहे.

त्या वाक्यामागे जुनी भीती आहे. १८८५चा तार कायदा आणि १९३३चा बिनतारी तार कायदा हे इंग्रजांनी केले. दुसऱ्या कायद्याप्रमाणे परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते घरात ठेवणे हाही गुन्हा होता. स्वातंत्र्यानंतरही ऐंशीच्या दशकापर्यंत साधा रेडिओ ऐकायला पोस्टात जाऊन लायसन काढावे लागे. घरातल्या जुन्या पेटीत ती पुस्तिका अनेकांनी पाहिली असेल. ऐकण्यालाच परवाना लागत असेल, तर बोलण्याची हिंमत कोण करणार?

इंग्रजांची भीती मात्र खोटी नव्हती, आणि ती खरी करण्यात कारंज्याच्या शेजाऱ्यांचा वाटा आहे. महायुद्ध सुरू होताच, १९३९मध्ये, सरकारने हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द केले. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्याला इंग्रजांनी निघून जावे असा ठराव केला. ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांची तोंडे बांधली गेली. १६ ऑगस्टला कारंज्याला लागूनच असलेल्या आष्टीत लोकांनी पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला, गोळीबार झाला, माणसे हुतात्मा झाली. आज ते गाव आष्टी (शहीद) म्हणून ओळखले जाते. त्याच दिवशी चंद्रपूरकडे चिमूरलाही उद्रेक झाला. नंतर दोन्ही ठिकाणी पोलीस आणि लष्कराने जे केले ते बाहेर कळू नये अशी व्यवस्था होती.

ते कळले रेडिओमुळे. २७ ऑगस्टपासून मुंबईत ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ बोलू लागला. बावीस वर्षांच्या उषा मेहता, बाबूभाई खाकर, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी ही मंडळी पोलिसांना चुकवत जागा बदलत तो चालवत. डॉ. राममनोहर लोहियांची त्यांना साथ होती. प्रक्षेपक बनवून दिला नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञाने, ज्याला या विद्येचा नाद लढ्याआधीपासून होता. आष्टी आणि चिमूरच्या अत्याचारांचे संपूर्ण वर्णन आम्ही प्रसारित केले, असे उषाताईंनी पुढे आपल्या आठवणींत नोंदवले आहे. वर्धा जिल्ह्याच्या एका कोपऱ्यातली दडपलेली बातमी अशी हवेतून देशभर गेली. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी केंद्रावर छापा घातला. त्यांना वाट दाखवली ती त्याच तंत्रज्ञाने. खाकर यांना पाच, उषाताईंना चार आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्षाची शिक्षा झाली. सामान्य माणसाच्या हातातल्या प्रक्षेपकाची ताकद आपल्या जिल्ह्याइतकी फार थोड्या जिल्ह्यांना कळली असेल. ही गोष्ट आष्टीच्या हुतात्मादिनी सांगितली जावी असे मला मनापासून वाटते.

स्वतंत्र भारताने ती ताकद पूर्ण कुलपात ठेवली नाही, एक दार उघडे ठेवले: हौशी रेडिओचे, म्हणजे हॅमचे. परीक्षा द्या, कॉलसाइन घ्या आणि बोला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत भूकंप झाला, टेलिफोन मुके झाले, तेव्हा हॅम मंडळी आपापले संच आणि मोटारीच्या बॅटऱ्या घेऊन तिथे पोचली आणि मदतीचे निरोप त्यांनी वाहिले. बंगालमधले हॅम गंगासागरच्या यात्रेत हरवलेल्या माणसांची घरे शोधून देतात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम’ हा जेमतेम किलोभर वजनाचा उपग्रह बनवला. २२ जून २०१६ रोजी इस्रोने तो सोडला. त्याचे काम हॅमचे निरोप एका ठिकाणी घेऊन दुसरीकडे देणे. सीबीला आपल्याकडे जी माणसे मिळायला हवी होती, ती थोडी अशी हॅमकडे गेली. बाकीची परीक्षेच्या नावानेच मागे फिरली.

दरम्यान बाजारात वॉकीटॉकी आल्या. लग्नाचे मंडप, मिरवणुका, बांधकामे, सगळीकडे त्या दिसतात. २०१८च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी शक्तीचे संच परवानामुक्त केले आहेत. पण ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या कित्येक संचांवर कंपनसंख्याच लिहिलेली नसे, आणि ते पोलिसांच्या किंवा विमानांच्या पट्ट्यातही शिरू शकत. म्हणून २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विक्रेत्या संकेतस्थळांना नोटिसा दिल्या आणि नंतर मार्गदर्शक सूचना काढल्या. ही कडक पावले योग्यच आहेत. घेणाऱ्याने संचाला सरकारी मान्यता आहे का हे पाहिलेच पाहिजे. मात्र लोक संच मागतात, याचा अर्थ टॉवरशिवाय बोलण्याची गरज आजही आहे, हेही त्याच वेळी ध्यानात घ्यायला हवे.

ती गरज वर्धा जिल्ह्यात तर डोळ्यांना दिसते. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो. ७०१ किलोमीटरचा सरळसोट रस्ता, एकसुरी, चालकाला गुंगी आणणारा. तिथल्या अपघातांची चर्चा होते तेव्हा रंबल स्ट्रिप, रंगीत फलक, समुपदेशन यांची नावे निघतात. मागच्या-पुढच्या गाडीतल्या माणसाशी चार शब्द बोलायची सोय कोणी सुचवत नाही. मोबाइल कानाला लावून ते होत नाही, तो गुन्हाही आहे आणि धोकाही. शिवाय मोबाइलवर नंबर माहीत असावा लागतो. सीबीचे वैशिष्ट्य असे की अनोळखी माणसाला हाक देता येते: पुढे टँकर उलटला आहे, डावीकडे घ्या. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूला, डोंगरांच्या आड नेटवर्क जाते तिथेही ही हाक पोचेल, कारण ती टॉवरवर अवलंबून नाही. पाच वॅट राहू द्या, पट्टाही तोच राहू द्या. फक्त जड वाहनांना केबिनबाहेर अँटेना लावायची परवानगी द्या, एवढी दुरुस्ती माझ्या मते पुरेशी आहे. २०२३च्या दूरसंचार कायद्याने १८८५ आणि १९३३चे दोन्ही कायदे रद्द करण्याची तरतूद केली आहे आणि नियम नव्याने लिहिले जात आहेत. मागणी करायची तर हीच वेळ आहे. वाहतूकदारांच्या संघटनांनी ती करावी.

तोवर कारंज्यातल्या एखाद्या मुलामुलीला हा नाद लागलाच, तर मी सीबीचा संच शोधत बसू नका असे सांगेन. वयाची बारा वर्षे पूर्ण असली की हॅमची परीक्षा देता येते. ती घेणारे केंद्र सरकारचे बिनतारी संनियंत्रण केंद्र नागपुरात आहे, म्हणजे पाऊणशे किलोमीटरवर. पहिल्या पायरीच्या, रिस्ट्रिक्टेड श्रेणीच्या परवान्याला मोर्सची अट नाही. थोडे विजेचे, थोडे रेडिओचे आणि बाकी नियमांचे ज्ञान लागते. दहावीचे विज्ञान नीट वाचलेल्याला ते जड जात नाही. सीबीच्या डोक्यावरच, २८ ते २९.७ मेगाहर्ट्झवर, हॅमचा दहा मीटरचा पट्टा आहे. स्वभाव तोच, सूर्याची साथ तीच, आणि बाहेर अँटेना लावायला पूर्ण मुभा. पाच मीटर तांब्याची तार मध्ये तोडून दोन सारखे भाग करायचे, मधून केबल खाली आणायची, आणि तार गच्चीवर किंवा बागेतल्या दोन उंच झाडांमध्ये ताणायची. गरमसूरसारख्या उंच गावात राहणाऱ्याला तर निसर्गानेच मनोरा बांधून दिला आहे. पहिल्यांदा नुसते ऐकायचे असेल तर परीक्षेपर्यंतही थांबायला नको. दिवसाउजेडी, दुपारनंतर २८.४ मेगाहर्ट्झच्या आसपास काटा फिरवायला सुरुवात करावी.